जठराचा कर्करोग : आंशिक की संपूर्ण शस्त्रक्रिया? गुंतागुंतीविषयी मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून आमच्या आप्पांच्या (वय ६३) जठराच्या कर्करोगाविषयी अनुभव आणि सल्ला हवा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीच्या चार फेऱ्या पार पडल्या आहेत. गाठ जठराच्या मधल्या भागात आहे आणि पेच तेथेच आहे : बेळगावातील सर्जन वरचा चतकोर भाग राखून बाकीचे जठर काढावे असे म्हणतात, तर मिरजेत दुसरे मत घेतले तेव्हा संपूर्ण जठर काढणे बरे, असे सांगण्यात आले. मिरजेच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे पखालीसारखे जठराचे चित्र काढून लाल पेनाने दोन आडव्या रेघा मारून दिल्या. तो कागद आप्पांनी पानाच्या चंचीत ठेवला आहे आणि घरी येईल त्याला 'कुठे कापू ते सांगा' म्हणून ते दाखवतात.

आम्हाला जे उमगले ते लिहितो, चुकले असल्यास दुरुस्त करावे. संपूर्ण जठर काढल्यास अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडावी लागते आणि हा सांधा गळण्याचा धोका आंशिक शस्त्रक्रियेतील सांध्यापेक्षा अधिक असतो. वजन घटणे, लोह कमी पडणे, जेवणानंतर घाम येऊन धडधडणे हे दोन्हींकडे आहे, प्रमाण वेगळे. इटलीतील एका चाचणीत सहाशेहून अधिक रुग्ण होते. त्यांत आंशिक शस्त्रक्रियेनंतर सुमारे ९ टक्के आणि संपूर्ण शस्त्रक्रियेनंतर सुमारे १३ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, पण पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, म्हणजे ६५ आणि ६२ टक्के होते. मात्र त्या सर्वांच्या गाठी जठराच्या खालच्या निम्म्या भागातील होत्या. मग हे आकडे आप्पांना कितपत लागू करायचे? आणि राखलेल्या चतकोर जठराचा रोजच्या जेवणात खरोखर किती उपयोग होतो?

प्रतिसाद :
दादा, मी निपाणीहून लिहिते आहे. माझ्या आईचे संपूर्ण जठर चार वर्षांपूर्वी काढले. टक्केवारीच्या आधी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे गाठीच्या वरच्या कडेपासून किती निरोगी भाग मिळतो. तो पुरेसा मिळत असेल तर जठर राखण्यात फायदाच आहे. परंतु पेशी विखरून पसरणाऱ्या डिफ्यूज प्रकारात अधिक अंतर सोडावे लागते आणि मग बहुधा संपूर्ण जठर जाते. बायोप्सीच्या अहवालात कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहा. शस्त्रक्रिया चालू असतानाही कडेचा तुकडा तपासून बेत बदलावा लागू शकतो, म्हणून संमतिपत्रावर दोन्ही शक्यता आहेत ना, याची खात्री करा.

आईचा सांधा सातव्या दिवशी गळला : ताप आला, नाडी वाढली, पोटातील नळीचे पाणी गढूळ झाले. ती दवाखान्यातच होती म्हणून निभावले. तेव्हा घरी सोडल्यावरही पहिले आठ-दहा दिवस आप्पांना शहरातच, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. खानापूरच्या पावसात मध्यरात्री गाडी शोधण्याची वेळ येऊ नये.

जेवणाचे म्हणाल तर आई भाकरी खाते, पण अर्धी, आमटीत कुस्करून, आणि दिवसातून सहा वेळा थोडे थोडे. पाणी अर्ध्या तासाने. पहिल्या दिवाळीत तिने दोन चमचे कुंदा खाल्ला आणि वीस मिनिटांत घामाने पदर भिजला. दोन तासांनी पुन्हा थरथर सुटली, कारण साखर एकदम चढली की इन्सुलिन जादा सुटते आणि साखर घसरते. चतकोर जठर राहिले तरी अन्न हळूहळू आतड्यात सोडणारी खालची झडप जाणारच, त्यामुळे आप्पांनाही हे होऊ शकते, पण घास थोडा मोठा मावेल. पित्त वर येऊ नये म्हणून आतडे कोणत्या पद्धतीने जोडणार, हेही विचारा. जठर नसल्याने अन्नातले बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही, म्हणून आईला त्याची इंजेक्शने जन्मभर आहेत. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सुरुवातीची तपासणी चांगली आली तरी ती थांबवायची नसतात.

धागाकर्ता :
ताई, आभारी आहे. अहवाल पुन्हा वाचला. त्यात डिफ्यूज हाच शब्द आहे आणि आम्ही तो नुसताच वाचून पुढे गेलो होतो. सोमवारी दोन्ही डॉक्टरांना तो दाखवणार आहोत. चंचीतला कागदही आप्पांकडून मागून घेतला आहे.