२९ इंची हार्डटेल: पुढे कोणता टायर, मागे कोणता?

खडीवाट

सायकल हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक आहे, चाकं २९ इंची, पुढे १२० मिमीचा धक्के झेलणारा फोर्क. रिमची आतली रुंदी ३० मिमी, ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोकं बुजवायला द्रव सीलंट). पाणी-पाठपिशवी धरून माझं वजन ८२ किलो. सध्या दोन्हीकडे २.२५ इंच रुंदीचे हलके क्रॉस कंट्री टायर, हवेचा दाब दोन्हीकडे २८ पीएसआय.

वाट साधारण अशी: एक तृतीयांश डांबर, बाकी खडकाळ पायवाट आणि टणक जमिनीवर पसरलेली सैल खडी. चिखल क्वचितच.

मागच्या टायरच्या साइडवॉलला (बाजूच्या भिंतीला) दोनदा चीर गेली, दोन्ही वेळा सीलंट नुसतं वाहून गेलं. खडीच्या वळणावर पुढचं चाक निसटतं. डाउनहिलचे जाड टायर लावून पाहिले, तर चढावर आणि डांबरावर पायांचा पिट्ट्या पडतो. वेग, ग्रिप आणि टिकाऊपणा तिन्ही बऱ्यापैकी सांभाळेल असा एक टायर दोन्हीकडे लावायचा विचार आहे. कोणता घ्यावा?

उभी_चढण

दोन्हीकडे एकच टायर हा हट्ट आधी सोडा. दोन चाकांची कामंच वेगळी आहेत. बसून पेडल मारताना जवळपास ६० टक्के वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे टायर जड चालतोय असं वाटतं ते मुख्यतः मागच्यामुळे. झीजही मागेच जास्त, कारण पेडलचा सगळा जोर तिथून जातो आणि ब्रेक लावल्यावर घसटत जातं तेही तेच चाक. उलट मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. म्हणून पुढे मऊ रबर आणि उंच नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे), मागे बुटके, जवळजवळ बसवलेले नॉब आणि जरा कडक रबर.

आता खरेदीचा क्रम. बहुतेक जण नॉबची नक्षी पाहून टायर निवडतात. तुम्हाला साइडवॉलचा त्रास आहे, तेव्हा आधी केसिंग ठरवा, मग रबर, नक्षी शेवटी.

केसिंग म्हणजे रबराखालचं कापड. टीपीआय म्हणजे एका इंचात किती धागे. १२० टीपीआयचं कापड बारीक धाग्याचं, लवचिक, हलकं आणि खडकावर मऊ चालणारं. ६० चं जाड धाग्याचं, चिरायला जरा कठीण. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, थर किती आणि साइडवॉलला वेगळं संरक्षण आहे का ते बघा. प्रत्येक कंपनीची केसिंगची नावं वेगळी: मॅक्सिसमध्ये एक्सो म्हणजे एका थरावर साइडवॉलचं संरक्षण, एक्सो प्लस त्याहून भक्कम, डबलडाउन म्हणजे १२० टीपीआयचे दोन थर, आणि डीएच म्हणजे ६० टीपीआयचे दोन थर. श्वाल्बेमध्ये हलक्याकडून जडाकडे सुपर रेस, सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल. कॉन्टिनेंटलच्या नव्या टायरांत सरळ ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल. तुम्ही एकदम हलक्यावरून एकदम जडावर उडी मारलीत, मधली पायरी राहूनच गेली. पुढे एक्सो किंवा सुपर ग्राउंड पुरेल. मागे एक्सो प्लस किंवा सुपर ट्रेल घ्या. एका टायरमागे शंभर-दीडशे ग्रॅम वाढतील, ते वाढू द्या. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसल्याने दगडाचा सगळा मार मागच्या टायरलाच बसतो.

रबराची कडकी शोर ए मापात सांगतात. ४२ च्या आसपास म्हणजे खूप मऊ, ५० मधलं, ६० आणि वर म्हणजे कडक. मऊ रबर दाबलं की सावकाश परत येतं. त्यामुळे खडकाला चिकटतं, आणि त्याच कारणाने पेडलची ताकद खातं. डांबरावर मऊ रबराचे नॉब पाहता पाहता झिजतात. मागे मॅक्सिसचं ड्युअल रबर किंवा श्वाल्बेचं निळं स्पीडग्रिप, पुढे मॅक्सिसचं मॅक्सटेरा किंवा श्वाल्बेचं नारिंगी सॉफ्ट. श्वाल्बेची रंगीत रेघ नव्या टायरवर मधोमध असते, चार दिवसांत पुसली जाते.

जोड्या: मॅक्सिसमध्ये पुढे मिनियन डीएचएफ २.५, मागे फोरकास्टर २.४. श्वाल्बेमध्ये पुढे हान्स डाम्फ, मागे नॉबी निक. कॉन्टिनेंटलमध्ये पुढे क्रिप्टोटल एफआर, मागे झायनोटल. क्रिप्टोटल पुढचा आणि मागचा असा दोन वेगळ्या नक्षींचा येतो, बिल करण्याआधी नावापुढची अक्षरं वाचा.

आणखी एक सापळा. त्याच नावाचा, त्याच नक्षीचा टायर तारेच्या बीडमध्ये (बीड म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड) आणि कडक रबरातही विकतात. नवीन सायकलींवर बऱ्याचदा तोच बसवलेला असतो. चार फुटांवरून दोघांत फरक दिसत नाही. साइडवॉलवर माप, केसिंगचं नाव, रबराचं नाव आणि ट्यूबलेस रेडी असा शिक्का, या चारही गोष्टी दिसल्याशिवाय घेऊ नका.

मधली_फट

वरचं जवळपास सगळं पटलं, फक्त पुढे डीएचएफ सुचवायला माझी हरकत आहे.

डीएचएफ हातात घेऊन पाहा. मधल्या नॉबची रांग आणि कडेचे नॉब यांच्यामध्ये एक रिकामी पट्टी आहे. सायकल सरळ असताना मधले नॉब काम करतात, पुरती कलवली की कडेचे. अर्धवट कलवली तर टायर त्या रिकाम्या पट्टीवर येतो आणि क्षणभर कुठलीच धार जमिनीत रुतत नाही. सायकल खाली दाबून, शरीर वर ठेवून वळणाऱ्याला हे जाणवतही नाही, उलट पट्टी ओलांडल्यावर मिळणारी पकड त्याला आवडते. पण खडीवर पुढचं चाक निसटतं अशी तक्रार असलेला माणूस बहुधा बिचकत, अर्धवट कलवूनच वळत असतो. त्याच्या हाती नेमका हाच टायर देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

यापेक्षा मॅक्सिसचाच मिनियन डीएचआर टू २.४ पुढे लावा. नावात आर (रिअर, म्हणजे मागचा) असला तरी पुढे तो उत्तम चालतो. मधले नॉब आडवे रुंद असल्याने ब्रेकला पक्का, आणि सायकल कलताना मधून कडेला जाणं सावकाश होतं. २०१८ मध्ये डाउनहिल शर्यतपटू ग्रेग मिनारसोबत तयार केलेल्या मॅक्सिसच्याच अ‍ॅसेगायमध्ये ती पट्टी मधल्या नॉबनी भरून काढली आहे. ग्रिपला तोड नाही, पण एक तृतीयांश डांबर असताना पुढे अ‍ॅसेगाय म्हणजे रोजची शिक्षा.

हवाबघ्या

नवीन टायर येईपर्यंत फुकटातलं काम करून घ्या, हवा कमी करा. ८२ किलोला २.२५ वर २८ पीएसआय फार झाली, त्यातून पुढे-मागे सारखी. एवढ्या हवेत टायर खड्यावर बसत नाही, खड्यावरून उडतो. पुढचं चाक निसटण्यात अर्धा वाटा याचाच असेल. साइडवॉलची चीर मात्र हवेमुळे नाही. धारदार दगड बाजूने घासून गेला की पातळ कापड फाटतंच, त्याला केसिंग हाच उपाय.

३० मिमी रिमवर २.४ ट्यूबलेस बसवल्यावर पुढे २१, मागे २४ ने सुरुवात करा. एकच ओळखीचा पाच-दहा मिनिटांचा तुकडा निवडा, दर फेरीला दोन्हीकडून १ पीएसआय कमी करत जा. तीन खुणा बघा. दगडावर रिम ठण्ण वाजली तर त्या चाकात १.५ ते २ वाढवा. टणक वळणावर टायर रिमखाली लोळतोय, हँडल उशीरा ऐकतंय असं वाटलं तर १ वाढवा. वळणात फुस्स करून हवा आणि सीलंटचे थेंब बाहेर आले तर बीड सुटत होता, लगेच २ वाढवा. यातलं काहीच झालं नाही तर अजून खाली जायला जागा आहे.

हे सगळं मोजायला जमिनीवर ठेवून मारायच्या मोठ्या पंपाचा काटा चालणार नाही. १६० पर्यंतच्या तबकडीवर २१ आणि २४ मध्ये काट्याच्या जाडीएवढंच अंतर असतं. कमी दाबाचा डिजिटल गेज घ्या आणि कायम तोच वापरा. दोन गेज सहज दोन पीएसआय वेगळं दाखवतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आपल्या गेजवर जसाच्या तसा उतरवण्यात अर्थ नाही. तापमानाचंही ध्यानात ठेवा: या दाबाला १० अंश सेल्सियस वाढले की साधारण सव्वा पीएसआय वाढते. सावलीत २२ भरून सायकल तासभर उन्हात ठेवली, तर वाटेला लागताना २२ उरलेली नसते.

खडीवाट

आभार. पुढे डीएचआर टू मॅक्सटेरा २.४, मागे फोरकास्टर २.४ एक्सो प्लस, असं जवळपास ठरतंय. तीन शंका: मागे २.६ लावला तर आणखी आराम मिळेल का? मागच्या टायरच्या आत फोमचं इन्सर्ट (रिमभोवती बसणारं कडं) टाकलं तर साइडवॉल वाचेल का? आणि सीलंट किती घालायचं?

उभी_चढण

डीएचआर टूची सूचना मान्य, माझ्यापेक्षा बरी आहे.

२.६ आधी फ्रेममध्ये मावतो का मोजा. २.४ म्हणजे ६१ मिमी, २.६ म्हणजे ६६. दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी मोकळं हवं, म्हणजे चेनस्टेमधली (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या फ्रेमच्या दांड्यांमधली) जागा २.४ ला ७३ आणि २.६ ला ७८ मिमी. मोजायचं ते टायरच्या सर्वांत रुंद जागी, फक्त त्या दांड्या जोडणाऱ्या आडव्या पुलाजवळ नाही. नवा टायर हवा भरल्यावर एक-दोन दिवसांत मिलिमीटरभर फुगतो, ते यात धरा. मावला तरी मी २.४ च घेईन. त्याच केसिंगचा रुंद टायर जड येतो, आणि वजन वाढवायचंच तर ते रुंदीपेक्षा जाड केसिंगवर खर्च करा.

इन्सर्ट रिम वाचवतं, रिम आणि दगडात टायर चिमटला जाण्यापासूनही वाचवतं. बाजूने घासणाऱ्या दगडाशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या चिरा कुठे आहेत ते टायर काढून बघा. रिमच्या कडेला लागून दोन समोरासमोर भोकं असतील तर चिमटा, इन्सर्ट उपयोगी. साइडवॉलच्या मध्यावर एकच लांबट चीर असेल तर दगडाने कापलंय, इन्सर्टचे पैसे वाचवा.

ओला_हात

सीलंट २९ बाय २.४ ला १०० ते १२० मिली. नव्या टायरमध्ये थोडं जास्त, कारण कापड पहिल्यांदा बरंच पिऊन टाकतं. दर दोन-तीन महिन्यांनी चाक काढून कानाशी हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर ६० मिली घाला. उष्ण हवेत आणखी लवकर सुकतं.

बसवताना रिम टेप (रिमच्या आत चिकटवायची हवाबंद पट्टी) आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी रुंद हवी, म्हणजे ३० ला ३२-३३. बीड चढवायला व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्हच्या बुडामुळे तिथे बीड मधल्या खोबणीत उतरत नाही. तिथून सुरुवात केली तर शेवटचे चार इंच टायर लिव्हरशिवाय चढणार नाहीत, आणि लिव्हरने टेप फाटते. बीडला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची कोर (आतला फिरवून निघणारा भाग) काढून हवा मारा. टप्प-टप्प आवाज आले की चाक फिरवून पाहा: रिमच्या कडेला समांतर असलेली बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. कुठे आत बुडाली असेल तर हवा सोडा, तिथे पुन्हा साबण लावून परत भरा. बसत नाही म्हणून दाब वाढवत जाऊ नका. टायरवरचा आणि रिमवरचा कमाल आकडा बघा, दोन्हींत जो कमी तो तुमचा. रुंद रिमवर तो अपेक्षेपेक्षा बराच खाली असतो.

साइडवॉलची छोटी चीर रबरी प्लगने घरी परतण्यापुरती बंद होते. तिथलं कापड पातळ आणि सतत वाकणारं, त्यामुळे प्लग टिकत नाही. पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेली तर आतून जाड तुकडा लावून ट्यूब टाका. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. सीलंटने परस्पर बुजवलेले काटे तसेच टोक काढून बसलेले असतात, तुम्हाला पत्ता नसतो, आणि नवी ट्यूब पहिल्याच पाच मिनिटांत जाते.

मधली_फट

टायर चढवण्याआधी त्यावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघून घ्या. मागच्या टायरमध्ये नॉबची जमिनीला आधी टेकणारी कड उतरती कापलेली असते, वेगासाठी. नंतर टेकणारी उभी असते, ब्रेकसाठी. चढावर जास्त पकड हवी म्हणून काही जण मागचा टायर मुद्दाम उलटा बसवतात. तुम्ही बसवू नका, डांबरावर तो जड चालेल आणि उतारावर ब्रेकला हलका पडेल.

झीज बघायची ती नॉबच्या उंचीवरून नव्हे, त्या उभ्या कडेवरून. ती गोल झाली की नॉब उंच असले तरी टायर घसरायला लागतो. पुढच्यात कडेच्या नॉबच्या बुडाशी चिरा बघा, नखाने वाकवून पाहिलं की दिसतात. जुना पुढचा मागे सरकवायची पद्धत या जोडीला लागू नाही, मागे डीएचआर टू गेला की पुन्हा जडपणा आला. बहुतेक पुढच्या एका टायरमागे मागचे दोन जातील. मागचा घेतानाच तोच टायर, तेच केसिंग आणि तेच रबर असं नाव लिहून ठेवा.