हात दुखतोय? मग हलकी रॅकेट घेऊ नका!

बेसलाइनकर

रॅकेट कोणती घ्यावी असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: हात दुखत असेल तर हलकी घ्या, मोठ्या डोक्याची (तारांचा भाग मोठा असलेली) घ्या, ताकद रॅकेटच देईल. माझं मत बरोबर उलटं आहे. वाद व्हावा म्हणूनच मांडतोय.

चेंडूचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. तो तारांवर टेकतो जेमतेम ४-५ मिलिसेकंद. तेवढ्यात जो धक्का बसतो तो फ्रेमने तरी सोसायचा किंवा हाताने तरी. फ्रेममध्ये वजन असेल तर ती जागची कमी हलते, कमी वळते. वजनच नसेल तर समोरून जोरात आलेल्या चेंडूवर रॅकेट मुठीत फिरते आणि आपण ती आवळून धरतो. हाताची वाट लागते ती इथे.

दुसरी गोष्ट. २६० ग्रॅमची रॅकेट ताकद आणते कुठून? वजन काढलं की फटक्यातला दम जातो. तो भरून काढायला फ्रेम जाड आणि कडक करतात, उरलेलं वजन डोक्याकडे सरकवतात. म्हणजे ‘हाताला आरामदायी’ म्हणून हातात पडते ती बऱ्याचदा हलकी, कडक आणि डोकं जड अशी रॅकेट. दुखऱ्या कोपरासाठी याहून वाईट मेळ मला तरी सुचत नाही.

माझी शिफारस, नियमित खेळणाऱ्या प्रौढ माणसासाठी: तारांशिवाय ३०० ते ३१० ग्रॅम, डोकं ९८ ते १०० चौरस इंच, तोल मुठीकडे, स्टिफनेसचा (फ्रेमच्या कडकपणाचा) आकडा ६५ च्या आत. गटिंग (तारा) मल्टिफिलामेंटचं, म्हणजे बारीक तंतू एकत्र करून केलेलं मऊ, ५० पाउंडांच्या आसपास ओढलेलं. ताकद कमी वाटली तर टेन्शन (तारांची ओढ) उतरवा, रॅकेट बदलू नका.

तिसरासेट

कागदावर सगळं बरोबर. पण कोर्टवर पहिल्या सेटनंतर काय होतं ते यात कुठेच नाही.

टेनिस एल्बोचं दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला असतं. मनगट मागे वळवणारे स्नायू तिथे हाडाला जोडलेले असतात. त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण कधी येतो? एकहाती बॅकहँड उशिरा लागला की. चेंडू शरीराच्या पुढे घ्यायच्या ऐवजी बाजूला आलेला असतो, कोपर पुढे, रॅकेटचं डोकं मागे आणि मनगट मुडपलेलं. अशा वेळी फ्रेम कितीही मऊ असो, मार हातालाच.

आणि उशीर का होतो? पाय थकतात म्हणून, आणि हातात जड रॅकेट असते म्हणून! ३१० ग्रॅम म्हणजे तारा आणि ओव्हरग्रिप धरून ३३० च्या वर गेलात. आठवड्यातून एकदा-दोनदा खेळणारा माणूस ते वजन तासभर वेळेवर फिरवेल, दीड तास नाही. शेवटच्या गेमपर्यंत चेंडू पुढे घेता येईल तेवढंच वजन, हाच माझा निकष. कुणासाठी ते २८० असेल, कुणासाठी ३१५.

बेसलाइनकर

@तिसरासेट, तुम्ही नुसतं वजन बघताय. रॅकेट फिरवताना जड लागते की नाही हे स्विंगवेटवर (फिरवताना जाणवणाऱ्या वजनावर) ठरतं, काट्यावरच्या ग्रॅमवर नाही. वजन मुठीकडे असेल तर ३१० ची रॅकेटही चटकन येते आणि डोकं जड असेल तर २७० ची सुद्धा ओढल्यासारखी वाटते.

२७ इंची रॅकेटचा मध्य येतो ३४.३ सेंटिमीटरवर. तोलाचा आकडा (तोल जिथे साधतो तिथलं मुठीच्या टोकापासूनचं अंतर) ३२ च्या जवळ असेल तर ती मुठीकडे झुकलेली, ३५ च्या पुढे गेला तर डोक्याकडे. हा आकडा विकणारा सहसा आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो.

तिसरासेट

मुठीकडे वजन असलेल्या रॅकेटने व्हॉली (चेंडू टप्पा पडायच्या आधीच मारणं) घेताना मागचा दम कमी पडतो, ते कोण भरून काढणार? पुन्हा हातच ना!

गटिंगवाला

दोघं फ्रेमवरून भांडताय आणि चेंडूला जी गोष्ट प्रत्यक्ष लागते तिला मूळ पोस्टमध्ये एक ओळ. मी गटिंग करतो, त्यामुळे माझा कल कुठे ते उघड आहे.

मशीनवर येणाऱ्या रॅकेटींचं ठरलेलं चित्र सांगतो. चांगली, मध्यम वजनाची फ्रेम. त्यात पॉलिएस्टर (म्हणजे पॉली, कडक तार), ५५ पाउंडांवर ओढलेलं, कधी ओढलं ते मालकाला आठवत नाही. तारा बोटाने बाजूला सरकवल्या तर तिथेच अडकून राहतात, परत जागेवर येत नाहीत. जिथे उभी तार आडवीला घासते तिथे खाच पडलेली. आणि मालक अभिमानाने सांगतो, “अजून तुटलं नाही!” पॉली तुटायच्या कितीतरी आधी मरतं हो. टेन्शन उतरतं, ताणून परत यायची ताकद जाते. मग चेंडू कुठे जाईल ते कळत नाही, म्हणून माणूस आणखी जोर लावतो, आणि कोपर बोलायला लागतं.

१९९७ साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने लक्झिलॉन कंपनीचं पॉली वापरून फ्रेंच ओपन जिंकलं आणि मग सगळ्यांनाच पॉली हवं झालं. पण व्यावसायिक खेळाडू सामन्याला ताज्या गटिंगच्या अनेक रॅकेटी घेऊन उतरतात. आपण एकाच गटिंगवर अख्खा मोसम काढतो. फेडररसुद्धा पूर्ण पॉली लावत नसे. उभ्या तारा नॅचरल गट (प्राण्यांच्या आतड्याची मऊ तार), आडव्या पॉली.

माझा क्रम: आधी तारा, मग टेन्शन, मग ग्रिपची जाडी आणि सगळ्यात शेवटी फ्रेम. लोक नेमकं उलटं करतात, कारण नवी फ्रेम घेण्यात मजा असते, गटिंगमध्ये नसते.

टॉपस्पिनराव

गटिंगवाले, मरून गेलेल्या पॉलीबद्दल शंभर टक्के सहमत. पण पॉलीला खलनायक करू नका.

मी खालून वर जोरात घासून मारणारा. मल्टिफिलामेंट लावलं की दोन गोष्टी होतात. तारा सरकतात त्या तशाच राहतात, हाताने सारख्या कराव्या लागतात. आणि पूर्ण स्विंग घेतला की चेंडू बेसलाइनच्या बाहेर. पॉलीची उभी तार घसरते आणि झटक्यात परत येते, त्या परत येण्यातून फिरकी मिळते, आणि फिरकीमुळे चेंडू कोर्टात पडतो. माझ्यासाठी कंट्रोल म्हणजे हेच. मऊ तारा लावून स्विंग आखडता घ्यायचा, चेंडू ढकलायचा, त्यानेही हात दुखतोच. भीत-भीत मारलेला फटका मोकळ्या फटक्यापेक्षा जास्त झोंबतो.

तोडगा सोपा आहे. पॉली लावा, पण पातळ गेजचं (कमी जाडीचं) आणि ४४-४६ पाउंडांवर. आणि वेळेवर कापून टाका.

गटिंगवाला

४४ वर लावायला माझी ना नाही. ‘वेळेवर कापून टाका’ हे मात्र सांगायला सोपं. अजून शाबूत दिसणाऱ्या तारांना कात्री लावताना लोकांचा चेहरा बघा एकदा.

दुहेरीवाली

या सगळ्या चर्चेत गृहीत धरलंय की प्रत्येक जण बेसलाइनवरून लांब स्विंग घेतो. आम्ही दुहेरी खेळणारे, छोट्या स्विंगचे, सर्व्ह ब्लॉक करून परत करणारे. आम्ही ताकद कुठून आणायची?

बेसलाइनकर म्हणतात तशी ९८ ची, मुठीकडे तोल असलेली रॅकेट मी वापरून पाहिली आहे. मधोमध लागला तर स्वर्ग. जरा बाजूला लागला की चेंडू नेटच्या तळाशी आणि मनगटात झिणझिण्या. आता १०४ चौरस इंचाची वापरते, २८० ग्रॅमची. डोकं रुंद असलं की कडेला लागलेल्या चेंडूवर रॅकेट कमी वळते, हे भौतिकशास्त्र तुमच्याच बाजूचं आहे ना? मग ते फक्त वजनालाच का लावायचं?

मोठ्या डोक्याला नाकं मुरडायची जुनी सवय आहे. १९७६ मध्ये हॉवर्ड हेडने बनवलेली ११० चौरस इंची प्रिन्स रॅकेट आली तेव्हा लोकांना ती चेष्टा वाटली. दोन वर्षांनी १६ वर्षांची पॅम श्रायव्हर तीच घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. फेडररनेही २०१४ मध्ये ९० सोडून ९७ घेतलीच. आणि इथे शनिवार-रविवारचे खेळाडू ९५ ची रॅकेट छातीशी धरून बसलेत, का तर ती ‘खऱ्या खेळाडूची’!

बेसलाइनकर

@दुहेरीवाली, मोठ्या डोक्याला माझा विरोध नाही, कडकपणाला आहे. तुमच्या १०४ ची फ्रेम मऊ असेल तर आपलं भांडणच नाही. पण त्या गटातल्या कितीतरी रॅकेटींचा स्टिफनेस ७० च्या पुढे असतो. कडक फ्रेम कमी वाकते, म्हणून ऊर्जा वाया कमी जाते आणि चेंडू लांब जातो, हे खरं. त्याची वसुली हातातून होते. २०१९ ला विल्सनची क्लॅश ही रॅकेट आली ती याच कारणाने चर्चेत आली: १०० चौरस इंच, तरी स्टिफनेस पन्नाशीच्या घरात.

दुहेरीवाली

क्लॅश वापरलीये. मऊ आहे, मान्य. पण चेंडू नेमका कुठे लागला ते हाताला कळत नाही, सगळे फटके सारखेच वाटतात. नेटजवळ ड्रॉप व्हॉली टाकताना मला ते कळायलाच हवं.

तिसरासेट

+१. ‘आराम’ आणि ‘अंदाज’ यांचं जमत नाही, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

सर्व्हिसलाइन

एवढं लिहिण्यापेक्षा डॅम्पनर (तारांमध्ये अडकवायचं छोटं रबर) लावा की. थरथर बंद, विषय संपला.

गटिंगवाला

डॅम्पनरने बंद होतो तो तारांचा ‘टिंग’ आवाज. तारा सेकंदाला पाचशेच्या आसपास वेळा कंप पावतात, ते दोन-तीन ग्रॅमचं रबर थांबवतं. फ्रेमचा कंप त्याहून खूप हळू, शे-दीडशेच्या घरातला. हाताला पोचतो तो हा, आणि त्याला त्या रबराचा पत्ताही नसतो. आवाज आवडत नसेल तर जरूर लावा. औषध म्हणून नको.

टॉपस्पिनराव

आणखी एक. “कंट्रोल हवा तर टेन्शन वाढवा” हा मंत्र लोक जपतात, पण इतिहास बघा. सत्तरच्या दशकातला बोर्ग ८० पाउंडांच्या आसपास ओढायचा. आताचा फ्रेंच खेळाडू मानारिनो पंचविशीच्या आतबाहेर खेळतो आणि त्याचा चेंडू रेषेवर पडतो. मग कंट्रोल टेन्शनमध्ये कुठे आहे?

तिसरासेट

मानारिनोचा स्विंग बघितलाय का? आखूड, सपाट, समोरच्याचाच वेग वापरणारा. तुम्ही तुमचा तो भलामोठा टॉपस्पिन पंचवीस पाउंडांवर मारून दाखवा, चेंडू शेजारच्या कोर्टवरून आणावा लागेल. मोठ्या खेळाडूंची उदाहरणं इथे चालत नाहीत. त्यांच्या रॅकेटवर नव्या मॉडेलचा रंग असतो आणि आत बऱ्याचदा जुनाच साचा, तोही शिसं चिकटवून जड केलेला.

टेन्शनचं गणित एवढंच: सैल तारा जास्त दबतात, चेंडू कमी दबतो. दबलेला चेंडू बरीच ऊर्जा गमावतो, दबलेल्या तारा बहुतेक परत देतात. म्हणून सैल असताना चेंडू लांब पडतो आणि हाताला मऊ लागतं. त्यातलं किती आपल्याला झेपतं ते दोन-दोन पाउंड उतरवत बघायचं.

बेसलाइनकर

शिशाचा विषय निघालाच आहे तर: ज्यांना वजनाची धास्ती आहे त्यांनी २९५-३०० ची फ्रेम घ्या आणि वजन हळूहळू वाढवा. डोक्याच्या दोन्ही कडांना, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, दोन-दोन ग्रॅमची पट्टी लावली की बाजूला लागलेल्या चेंडूवर फ्रेम वळायची कमी होते. तोल बिघडला वाटला तर मुठीतही थोडं भरा. जमलं नाही तर पट्टी सोलून काढता येते. हलक्या रॅकेटला जड करता येतं, जडला हलकं करता येत नाही.

दुहेरीवाली

म्हणजे शेवटी हलकीच घ्यायची! मग शीर्षक बदला 😀

बेसलाइनकर

३०० म्हणजे हलकी नव्हे हो. मी २६० बद्दल बोलतोय.

सर्व्हिसलाइन

ग्रिपबद्दल गटिंगवाले एवढंच म्हणाले की फ्रेमच्या आधी बघा. बारीक घ्यायची का जाड?

गटिंगवाला

रॅकेट नेहमीसारखी धरा. बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मावत नसेल तर ग्रिप बारीक, फट मोठी राहत असेल तर जाड. अधेमधे असाल तर बारीक घ्या, एका ओव्हरग्रिपने साधारण अर्धा साइज वाढतो. आणि ओव्हरग्रिप गुळगुळीत झाली की बदला. निसटेल या भीतीने मूठ आवळली जाते, ते ३०५ ग्रॅम की २९० याच्यापेक्षा जास्त महागात पडतं.

तिसरासेट

डेमो रॅकेट (विकत घेण्याआधी वापरून बघायला मिळणारी) घेऊन बघणाऱ्यांना एक सांगतो. पहिल्या दहा मिनिटांत कुठलीही नवी रॅकेट भारी वाटते. दमल्यावर हातात घ्या, जोरात सर्व्ह करणाऱ्याला समोर उभा करा आणि फक्त रिटर्न मारा. तिथे उशीर होत असेल तर ती तुमची नाही.

गटिंगवाला

आणि डेमोमध्ये आधीच्या पन्नास जणांनी बडवलेल्या तारा असतात, तेही विचारून घ्या. एका फ्रेममध्ये मेलेलं पॉली, दुसरीत ताजं मल्टिफिलामेंट, आणि माणूस ठरवतो की दुसरी फ्रेम हाताला चांगली. टायर बसलेली गाडी चालवून इंजिनाला नावं ठेवण्यातला प्रकार. दोन्हींत तीच तार, तेच टेन्शन लावून मगच तुलना करा. नाहीतर आहे त्या रॅकेटचं गटिंग कापून नवं मऊ लावा, चार पाउंड उतरवा, महिनाभर खेळा. तेवढ्यावर निम्मे लोक नव्या फ्रेमचं नाव काढणार नाहीत.

टॉपस्पिनराव

निम्मे? माझ्या ओळखीचे सगळे नवी फ्रेमही घेतील आणि तारा जुन्याच प्रकारच्या लावतील.