मदत हवी आहे : लोगो बोर्डावर फाटतोय, बारा दिवस राहिलेत

औशाचा_पोरगा
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. लोगो तयार आहे, एकदम भारी झालाय, घरात सगळ्यांना आवडलाय. पण बोर्डवाला म्हणतो फाटतोय आणि स्टिकरवाला म्हणतो काहीच दिसत नाही. दोघंही "नवीन करून आणा" म्हणायलेत, म्हणजे परत पैसे. दसऱ्याला उद्घाटन आहे, बारा दिवस उरलेत. आहे तोच लोगो नीट करायला एखादं ॲप असेल तर सांगा. नवीन करा असं कृपया कुणी सांगू नका.

टोळभैरव
नवीन करा.

छापखानेवाले
भाऊ, धंदा कसला? नाव काय? फाइल कोणती, सीडीआर (कोरलड्रॉची), पीडीएफ की जेपीजी? बोर्ड किती बाय किती? स्टिकर कशावर लागणार? यातलं काहीच न सांगता "फाटतोय" म्हणालात तर आम्ही काय दोरा-सुई घेऊन बसायचं का?

औशाचा_पोरगा
फाइल फोटोच आहे, मोबाइलमध्ये. बोर्ड दहा बाय तीन फूट. स्टिकर बाटलीवर. नाव आत्ताच सांगत नाही, आमच्याकडं एकानं नाव सांगितलं अन् पंधरा दिवसांत पुढच्या गल्लीत त्याच नावाचं दुकान निघालं.

अंकशास्त्री_नाना
नाव न सांगता निदान अक्षरं किती ते सांगा. बेरीज ४ किंवा ८ येत असेल तर लोगो कितीही चांगला असला तरी दुकान चालत नाही. आणि बोर्डात काळा रंग अजिबात नको.

रेघोट्या
नाना, शनिवार पेठेत माझ्या समोरच्या चहावाल्याचा बोर्ड काळाकुट्ट आहे आणि त्याला मान वर करायला सवड नसते. असो. औशाचे पोरगे, लोगोत काय काय आहे ते शब्दांत लिहा. सगळं लिहा.

औशाचा_पोरगा
गोल आहे. मधे लाकडी घाणा, त्याला बैल, बैल हाकणारा शेतकरी, मागं उगवता सूर्य. खाली शेंगदाणे आणि करडईचं फूल. डाव्या बाजूला आमची आजी, नऊवारीत. वर गोलाकार नाव, खाली "परंपरा शुद्धतेची". कडेला सोनेरी शेड आहे, त्यानं लई उठाव आलाय. आत्येभावाच्या मित्रानं एआयवर करून दिला, व्हॉट्सॲपवर पाठवला. फुकट.

टोळभैरव
आख्खा बाजार भरवलाय की. गुऱ्हाळ तेवढं राहिलं.

एडिसनची_मावशी
लाकडी घाणा! अगं बाई! आमच्या गावात तेल्याच्या घाण्यावर जायचो, ताजी पेंड आणि गुळाचा खडा हातावर मिळायचा. इथे न्यू जर्सीत 'कोल्ड प्रेस्ड' म्हणून इवलीशी बाटली काय भावानं विकतात, विचारू नका. तुम्ही परदेशी पाठवता का?

छापखानेवाले
आता उजेड पडला. हिशेब सांगतो. एआयचं चित्र बहुतेक १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचं असणार. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे साडेतीन इंचाच्या आतबाहेर ते स्वच्छ येईल. बोर्डावर तोच लोगो तीन फुटाचा केलात तर इंचाला जेमतेम २८ ठिपके उरतात. फ्लेक्सला कमी चालतात, ७२-१०० वर काम भागतं, पण २८ वर बैलाचं तोंड म्हणजे बुद्धिबळाचा पट. बोर्डवाला 'फाटतोय' म्हणतो तो हाच प्रकार. त्यात व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलाय, म्हणजे आणखी चेपलेला. निदान मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवून घ्या. मोठं करणारी ॲप्स आहेत, पण ती नसलेले ठिपके मनानं भरतात. आजीचा चेहरा बदलून येईल.

गणक_यंत्र
एवढं काही नाही. इंकस्केप नावाचं चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. चित्र उघडा, 'ट्रेस बिटमॅप' दाबा, वेक्टर तयार, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांचं चित्र, कितीही मोठं करा, फाटत नाही. दोन मिनिटं. डिझायनर लोक उगाच बाऊ करतात.

रेघोट्या
दोन मिनिटांत काय निघतं ते करून बघा आणि इथे टाका. साधी सपाट आकृती असेल तर ट्रेस उत्तम होतं. सोनेरी शेड ट्रेस केली की तिचे दीडशे तुकडे होतात आणि बैलाच्या अंगावर जिल्ह्यांचा नकाशा उमटतो. वेक्टर झाला म्हणून लोगो झाला असं नाही. मुळात हा लोगोच नाही, हे चित्र आहे. सुंदर असेल, भिंतीवर लावा. लोगो म्हणजे रंगारी एका ब्रशनं, एका रंगात टेम्पोच्या मागच्या फळीवर काढू शकेल अशी गोष्ट. स्टेट बँकेचा घ्या. १९७१ मध्ये एनआयडी या अहमदाबादच्या डिझाइन संस्थेतल्या शेखर कामतांनी केला. निळा गोल, मधे छोटा गोल आणि खाली चीर. पासबुकावर असो की इमारतीवर, लांबून ओळखू येतो.

आजोबा_सदाशिवपेठी
तो लोगो अहमदाबादच्या कांकरिया तलावावरून सुचला असं लोक सांगतात. मी मात्र त्याला आयुष्यभर कुलपाचं भोक समजत आलो. बँकेला तेच शोभतं.

टोळभैरव
डिझायनरला पैसे द्यायचेच कशाला? नाइकीचा लोगो ३५ डॉलरला झाला होता. बैल काढा, त्या जागी मावळा टाका, मागे किल्ला आणि महाराजांचं चित्र. आपल्या मातीतलं दिसेल, लोक आपोआप वळतील.

वकीलीण
थांबा. महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानं मनाई आहे, परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय. दुकानांवर दिसतं म्हणून ते कायदेशीर होत नाही.
धागाकर्त्याला तीन गोष्टी. एक, खाद्यतेल ट्रेडमार्कच्या वर्ग २९ मध्ये येतं. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ४५०० रुपये, नोंदणी १० वर्षं चालते. नाव आधी कुणी घेतलंय का ते सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतं, बोर्ड छापायच्या आधी शोधा. दोन, नोंदणी होईपर्यंत गोलातला 'आर' लावू नका, तो गुन्हा आहे. 'टीएम' चालतं. तीन, कुणाकडूनही लोगो करून घेतलात तर हक्क तुमच्या नावे लिहून घ्या. पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आपला झाला असं नसतं, लेखी हस्तांतर लागतं. आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो.

रेघोट्या
टोळभैरव, ३५ डॉलर बरोबर, १९७१ साल, कॅरोलिन डेव्हिडसन तेव्हा विद्यार्थिनी होती. पुढचं सांगायचं राहिलं. १९८३ मध्ये कंपनीनं तिला शेअर दिले. अर्धी गोष्ट सांगून आमचे दर पाडू नका.

डॉक्टर_काका
तेलावरून आठवलं. लेबलवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहायचा मोह टाळा. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं, त्यात फुशारकी कसली? आणि करडईचं तेल तळणीला वापरत असाल तर

डॉक्टर_काका
मोबाइलवरून अर्धंच गेलं. असू दे, वेगळा धागा काढतो.

औशाचा_पोरगा
मी लोगोचं विचारायलोय अन् इथं कोलेस्टेरॉल, मावळा आणि न्यू जर्सी चाललंय. बैल काढायचा नाही. बैल हीच आमची ओळख आहे.

छापखानेवाले
एक विचारू? घाणा बैलावर चालतो का?

औशाचा_पोरगा
नाही, तीन एचपीची मोटर आहे. आता बैलावर कोण चालवतंय?

टोळभैरव
मग लोगोत मोटर काढा की!

आजोबा_सदाशिवपेठी
हसण्यावारी नेऊ नका. गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी दुकानात येऊन विचारणार, बैल कुठाय? दर वेळी "मोटर आहे" म्हणताना मालकाचा चेहरा पडणार. जे दुकानात आहे ते बोर्डावर असावं.

औशाचा_पोरगा
हे डोक्यात आलं नव्हतं. बरं, बैल आणि शेतकरी काढतो. बाकी राहू दे. नाव पण सांगून टाकतो, लपवून काही होईना. आजीचं नाव, द्वारका.

रेघोट्या
एआयनं लोगोत 'द्वारका' कसं लिहिलंय? नीट झूम करून बघा.

औशाचा_पोरगा
थांबा.

औशाचा_पोरगा
आईशप्पथ. 'दवारका' आहे. 'व' ला वर काहीतरी शेपटीसारखं चिकटलंय. घरातल्या नऊ जणांनी बघितलं, एकाच्या लक्षात आलं नाही. आजीच्या तर नाहीच, ती म्हणली माझं नाव लई झोकात लिहिलंय.

रेघोट्या
हेच होतं. डोळ्याला नाव आधीच माहीत असतं, त्यामुळे तो वाचतच नाही. आता माझं ऐका. बाटलीच्या बुचावर गोल स्टिकर लावणार असाल तर ते बूच साधारण २८ मिलिमीटरचं. तेवढा गोल कागदावर काढा आणि त्यात बॉलपेननं काय मावतं ते बघा. सूर्य, फूल, शेंगा, आजी, काही मावणार नाही. 'द्वा' मावेल. तुमचं नशीब की पहिलंच अक्षर जोडाक्षर आहे, ते लक्षात राहतं. कमल शेडगे नाटकांची नावं काढायचे तेव्हा नुसत्या अक्षराच्या वळणात नाटकाचा स्वभाव उतरायचा, चित्र लागायचंच नाही. 'द्वा'चा काना घाण्याच्या लाटेसारखा, म्हणजे आत फिरणाऱ्या लाकडी दांड्यासारखा, किंचित तिरका करा, खाली उखळीची एक वाटोळी रेघ. झालं. आजीचं चित्र दुकानात गल्ल्याच्या मागे फ्रेम करून लावा.

गणक_यंत्र
प्रत्येक अक्षरात काहीतरी लपवायचा हा सोस मला कळत नाही. तिरका काना बघून लोक म्हणतील अक्षर पडलंय. सरळ 'द्वारका' लिहा, खाली 'लाकडी घाणा तेल'. बालू किंवा मुक्ता फॉन्ट घ्या, 'एक टाइप' नावाच्या संस्थेचे आहेत, खुल्या परवान्याचे, धंद्याला फुकट वापरता येतात.

रेघोट्या
लाट न काढताही चालेल, आग्रह नाही. पण बालूतलं 'द्व' बुचाच्या मापाला एकदा छापून बघा, मग बोला.

छापखानेवाले
मी आत्ता प्रिंट काढली, प्रेसवरच बसलोय. २८ मिलिमीटरच्या गोलात आख्खं नाव टाकलं, जाड बालूत. 'द' च्या पोटाला 'व' चिकटतो ती मधली फट शाईनं भरली. लांबून 'ब्द' की 'द्द' की काय ते कळेना. मग नुसतं 'द्वा' टाकलं, 'व' चं पोट थोडं उघडलं, चिकटतो तिथं कागदाची एक बारीक पांढरी रेघ सोडली. आता हातभर अंतरावरून माझ्या चष्म्याविना वाचता येतंय. म्हणजे बुचावर 'द्वा', बोर्डावर आणि लेबलवर पूर्ण नाव, दोन्ही एकाच वळणाचं.
आणखी एक, बाहेर फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या, म्हणजे टाइप न राहता त्यांची आकृती होते. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली फाइल तसा फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नावाच्या जागी भलतीच चिन्हं येतात. एकदा एका लग्नपत्रिकेत वधूचं नाव तसं छापता छापता वाचवलंय.
आणि स्टिकर क्रोमो कागदाचा घेऊ नका. तेलाचा हात लागला की कागद तेल पितो, पारदर्शक होतो, दोन दिवसांत लेबल नाश्त्याच्या पुडीसारखं दिसतं. पीपीचा, म्हणजे प्लास्टिकचा घ्या, वर लॅमिनेशन मारा. बाटलीमागे थोडे पैसे जास्त जातील.

अंकशास्त्री_नाना
रंग कोणता ठरला?

छापखानेवाले
एकच. गडद तपकिरी, पिवळ्या जमिनीवर. सोनेरी शेड छपाईत सोनेरी येत नाही, मातकट येते. मोबाइलवर चमकते कारण मोबाइलच्या मागे दिवा असतो. पुढं पाच लिटरच्या कॅनवर स्क्रीन प्रिंटिंग करायचं म्हणलं तरी एकच रंग स्वस्त पडेल.

वकीलीण
'द्वारका' हे शहराचंही नाव आहे आणि बऱ्याच जणांनी आधी वापरलेलं असणार, म्हणून नुसत्या शब्दाला हरकत येऊ शकते. आधी शोध घ्या. 'द्वा' ची ही आकृती नावासकट चिन्ह म्हणून अर्जात टाका, त्यानं निदान अक्षराचं वळण तरी तुमचं राहील. आणि लेबलवर एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या चिन्हाला, १४ आकडी क्रमांकाला आणि हिरव्या ठिपक्याला जागा आधीच सोडा. लोक लोगो एवढा मोठा करतात की हे सगळं बुडाखाली जातं.

टोळभैरव
म्हणजे शेवटी मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो तेच. नवीन करा.

औशाचा_पोरगा
(चार दिवसांनी) अपडेट द्यायचं राहिलं. लाट काढली नाही. दोन नमुने आजीला दाखवले, तिनं सरळ काना निवडला, तिरका बघून म्हणली हे पडायलंय. रेघोट्या ताई की दादा माहीत नाही, तुम्ही वळण काढून दिलंत, पैसे घेतले ते बरं केलं, आता हक्काचा कागद पण सही करून पाठवा, वकीलीण ताईंनी सांगितलाय तसा. बोर्ड पिवळा-तपकिरी, बसस्टँडच्या कोपऱ्यावरून वाचता येतो. आत्येभावाचा मित्र रुसलाय. त्याचं चित्र फ्रेम करून लावलंय, फक्त नावाची पट्टी कापून.
स्टिकर मात्र घाईत क्रोमोचेच पाचशे छापले गेले होते, छापखानेवाले काकांचा प्रतिसाद वाचायच्या आधी. पहिल्या डझनाला तेल लागलंय. वरून पारदर्शक टेप मारली तर चालेल का?

छापखानेवाले
नाही. कडेनं तेल आत शिरतंच. बुचावरचे तेवढे वापरा, बाकी रद्दी.

एडिसनची_मावशी
करडईचा भाव किलोनं सांगता की लिटरनं? एक लिटर शेंगदाणा तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, तेवढं लक्षात ठेवून सांगा हं.