अयेंदे अशनीतला झेनॉन नेमका कुठे बसतो?

प्रश्न: अयेंदेचा (मेक्सिको, 1969) चुरा हायड्रोफ्लोरिक-हायड्रोक्लोरिक आम्लांत विरघळवला, की वस्तुमान 1 टक्क्याहून कमी उरतं, पण झेनॉन (एक निष्क्रिय वायू) बराचसा तसाच. असं का?

उत्तर १: सिलिकेट खनिजं गेली, कार्बनी गाळ उरला; त्यातला झेनॉनचा मुख्य वाहक म्हणजे ‘क्यू’. त्यावर नायट्रिक आम्ल घाला. वजन जेमतेम घटतं, झेनॉन मात्र बहुतेक निघून जातो! म्हणजे तो पृष्ठभागालगतच असणार.

उत्तर २: पण नुसता चिकटलेला नव्हे. तसा असता तर मंद आचेवर सुटला असता; क्यूमधला झेनॉन बराचसा 1000 अंश सेल्सियसच्या आसपास सुटतो. नायट्रिकनंतर उरणारा ‘एचएल’ (जड व हलकी समस्थानिकं जास्त असलेला) झेनॉन नॅनोहिऱ्यांतला, म्हणजे अतिसूक्ष्म हिऱ्यांतला; त्याच्या समस्थानिकांचं प्रमाणही वेगळं.

उत्तर ३: नमुना उगाच बारीक कुटू नका. ताज्या भेगांवर हवेतला झेनॉन घट्ट बसतो, मग निर्वातात 150 अंशांवर रात्रभर तापवूनही पुरता जात नाही.