विषय: बेसमेंटमध्ये गटाराचं पाणी – कपडे, चादरी, साड्या यांचं काय करायचं?

प्रेषक: हिल्सबरोकर
गुरुवार, २ सप्टेंबर २०२१, दुपार

नमस्कार मंडळी,

काल रात्री आयडा वादळाच्या पावसात इथे न्यू जर्सीत शेजारच्या मॅनव्हिल गावात नदी शिरली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. आमच्याकडे नदी आली नाही, गटार आलं. बेसमेंटच्या टॉयलेटमधून आणि फरशीतल्या ड्रेनमधून काळं पाणी वर उसळलं. नंतर मागच्या पायऱ्यांवरून अंगणातला लाल चिखलही त्यात उतरला. गुडघ्याच्या जरा खाली पाणी होतं, आता ओसरलं आहे. इलेक्ट्रिशियनने येऊन वीज तोडून दिली. माणसं सगळी सुखरूप आहेत.

जिन्याखालच्या कपाटात पाहुण्यांच्या गाद्या-उशा, सोलापुरी चादरी, टॉवेल, मुलीचे लहान झालेले कपडे, सासूबाईंच्या आईने शिवलेली गोधडी आणि साड्यांची पेटी होती. पेटीत तळाला माझी लग्नातली पैठणी आहे. शिवाय मंडळाचे फेटे, पथकाचे कुर्ते आणि दोन सतरंज्या आमच्याकडेच ठेवलेल्या. शुक्रवारी १० तारखेला गणपती.

हे म्हणतात सगळं काळ्या पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवू. मला तसं वाटत नाही. कोणाला अनुभव आहे का?

---

प्रेषक: एडिसनकर काकू
गुरुवार, २ सप्टेंबर, संध्याकाळ

अगं, आधी पिशव्या सोड. ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून ठेवलेस तर एक-दोन दिवसांत बुरशी धरेल, मग खरंच फेकावे लागतील.

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत झाली, त्यामुळे असल्या कपड्यांची मला किळस येत नाही, पण धास्ती वाटते. ते पाणी नुसतं घाण नसतं, त्यात ई-कोलाय, साल्मोनेला, हिपॅटायटिस ए, नोरोव्हायरस असं काहीही असू शकतं. लांब रबरी हातमोजे, गमबूट, गॉगल घाल. एन-९५ मास्क सध्या प्रत्येकाच्या घरी पडून आहेतच. हाताला चीर असेल तर त्या कामाला हात लावू नकोस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते बघ. मुलीला तिकडे फिरकू देऊ नकोस.

काय ठेवायचं हे किमतीवर ठरवू नकोस, पोटात काय भरलंय त्यावर ठरव. गाद्या, उशा, कापसाच्या रजया, मऊ खेळणी, पॅड असलेले अंतर्वस्त्र, खाली रबर लावलेले पायपुसणे – हे सगळं फेक. आत शिरलेल्या घाण पाण्यापर्यंत साबण पोचत नाही आणि ते बाहेरही येत नाही. एकेरी सुती कापड मात्र बहुतेक वाचतं: चादरी, पलंगपोस, कुर्ते, फेटे. टॉवेलही वाचतील, पण पुढे ते फरशीलाच वापर. रांगत्या बाळासाठी काही ठेवलं असशील तर ते मी ठेवणार नाही.

आता धुण्याचं. मशीन बेसमेंटमध्ये बुडालं असेल तर ते तपासून घेतल्याशिवाय लावू नकोस. आणि गटार तुंबलेलंच असेल तर मशीनचं पाणी पुन्हा तुमच्याच ड्रेनमधून वर येईल, म्हणून आधी टाउनशिपला फोन करून लाईन मोकळी झाली का विचार. तोवर कपडे बेसमेंटच्या बाहेर काढून पसरून ठेव. घट्ट चिखल खरवड, मग गार पाण्यात खळबळून काढ, पाणी नितळ येईपर्यंत. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर डाग पक्के होतात.

मग पहिली धुलाई साध्या डिटर्जंटने आणि दुसरी जंतुनाशक घालून. इथे बहुतेकांची गल्लत होते. मशीनवर हॉट लिहिलेलं असलं तरी घरातला वॉटर हीटर साधारण १२० अंश फॅरनहाइटवर ठेवलेला असतो. हॉस्पिटलात आम्ही १६० अंशांवर २५ मिनिटं धुवायचो. घरच्या हॉटवर जंतू मरतील असं धरून चालू नकोस, जंतुनाशक लागणारच. पांढऱ्या सुतीला क्लोरीन ब्लीच, एका लोडला अर्धा ते पाऊण कप. रंगीत कपड्यांना लॉन्ड्री सॅनिटायझर, पण ते डिटर्जंटबरोबर नाही, शेवटच्या विसळणीच्या पाण्यात. डिटर्जंटमध्ये त्याची ताकद जाते. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढा वेळ कपडे त्यात बुडून राहायला हवेत, नुसतं ओतून मोकळं होऊ नकोस.

डाग आणि वास जाईपर्यंत ड्रायरमध्ये घालायचं नाही. ड्रायरच्या उष्णतेने डाग पक्का बसतो, मग तो जन्माचा सोबती. उन्हात दोरीवर घाल. तुमच्या सोसायटीला कपड्यांच्या दोरीचं वावडं असेल तर या आठवड्यात त्यांनी डोळे मिटावेत.

पैठणीचं वेगळं लिहिते. तोवर तिला हात लावू नकोस.

---

प्रेषक: पार्सिपनीकर
गुरुवार, २ सप्टेंबर, रात्री

आमच्या ग्रुपवर आलंय की व्हिनेगर आणि बेकिंग सोडा घातला की सगळे जंतू जातात. व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही घातलं तर आणखी चांगलं ना? साड्यांना रिठा चालेल का? आणि डेटॉल?

---

प्रेषक: एडिसनकर काकू
गुरुवार, २ सप्टेंबर, रात्री

अजिबात नको! ब्लीचमध्ये व्हिनेगर घातलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बेसमेंटमध्ये जीव गुदमरेल. अमोनियाही ब्लीचजवळ नको. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की नुसता फेस येतो, निर्जंतुक काही होत नाही. रिठ्याने रेशीम छान निघतं, पण रिठा जंतू मारत नाही. डेटॉल अंगाला किंवा फरशीला ठीक, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

पैठणी: रेशीम आणि लोकर यांना ब्लीच म्हणजे सर्वनाश, धागाच विरतो. गरम पाणीही नाही. ती ओली असताना घडीतच राहिली तर पदराचा रंग अंगात उतरतो, म्हणून आधी घडी उलगड. टबमध्ये साधं गार पाणी घेऊन सपाट बुडव, चोळू नकोस, पिळू नकोस. पाणी बदलत राहा. मग पांढऱ्या टॉवेलवर पसरून सावलीत वाळव. काठावरच्या जरीत खरी चांदी असेल तर गटाराच्या पाण्यातल्या गंधकाने ती काळी पडते. चिंच, टूथपेस्ट, लिंबू असलं काही तिला लावू नकोस. उद्या ड्रायक्लीनरकडे ने आणि गटाराचं पाणी लागलंय हे स्पष्ट सांग. लपवलंस तर तो इतरांच्या कपड्यांबरोबर टाकेल. ड्रायक्लीनिंग म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, हेही लक्षात ठेव. काहीजण नकार देतात, दुसरा शोधायचा.

गोधडी उलटी गोष्ट. आत कापूस नसेल, जुन्या नऊवारी साड्यांचे थरच असतील, तर वाचायची आशा आहे. धारेखाली दोन्ही बाजूंनी बराच वेळ धू, मग सॅनिटायझरच्या पाण्यात बुडव. वाळायला वेळ लागेल, मधले थर ओले राहिले तर कुबट वास धरेल. दर काही तासांनी उलटत राहा, पंखा लाव. मधोमध हात दाबल्यावर गारवा जाणवला तर अजून ओली आहे. वाळल्यावरही वास राहिला तर मात्र भावनेला बाजूला ठेवायचं.

---

प्रेषक: साउथ प्लेनफिल्डकर
शुक्रवार, ३ सप्टेंबर

काकू, एक भर घालते. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कपाटाची दारं फुगून बसली होती. उघडेपर्यंत साड्या घड्यांतच वाळल्या आणि एकीचा रंग दुसरीवर गेला. चिखल वाळू देऊ नका, ओला असतानाच धारेने काढा, एवढं तिथून शिकले. धार सौम्य ठेवा, जोराच्या पाण्याने माती विणीत आणखी आत जाते.

तुमच्याकडच्या लाल मातीत लोह आहे. तिच्या डागावर क्लोरीन ब्लीच घातलं तर गंजासारखा तांबूस डाग पक्का बसतो. आधी माती, मग ऑक्झॅलिक ॲसिडचा गंज काढणारा साबण, मग स्वच्छ विसळणे. ब्लीच त्यानंतर, वेगळ्या धुलाईत. ॲसिड आणि ब्लीच एकत्र नकोच.

---

प्रेषक: प्लेन्सबरोकर
सोमवार, ६ सप्टेंबर

कपडे फेकण्याआधी फोटो काढलेत ना? घरमालकाच्या साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान येत नाही आणि गटार तुंबून वर येणं बहुधा तेव्हाच येतं जेव्हा त्याचं वेगळं कलम जोडलेलं असतं. ते वहिनींनी आधी शोधावं, पुष्कळांना त्यासाठी आपण पैसे भरतोय हेही माहीत नसतं. सरकारी पूरविम्यात बेसमेंटमधले वॉशर, ड्रायर, फ्रीझर येतात, कपडे आणि चादरी मात्र नाहीत. फेकलेल्या गाद्या-गालिचाचा छोटा तुकडा कापून ठेवा, तपासणीला आलेल्या माणसाला दाखवायला. न्यू जर्सीसाठी केंद्राची आपत्तीची घोषणा झाली आहे आणि समरसेट काउंटी त्यात आहे, तेव्हा फेमाकडे (केंद्राची आपत्ती-मदत संस्था) नोंद करून टाका. विमा नाकारल्याचं पत्रही जपा, फेमा ते मागतं.

---

प्रेषक: हिल्सबरोकर
बुधवार, ८ सप्टेंबर

सगळ्यांचे आभार. गाद्या, उशा, खेळणी गेली. मुलीने तिच्या अस्वलासाठी रडून घेतलं. सोलापुरी चादरी एकदम ठणठणीत, लाल रंग थोडा गेला पण कापड पूर्वीसारखंच जाड. टॉवेल फरशीला. गोधडी तीन बाजूंनी वाळली, चौथ्या कोपऱ्यात अजून गारवा आहे, पंख्यासमोर आहे. पैठणी ड्रायक्लीनरकडे, त्याने हमी दिली नाही, पैसेही आधी घेतले नाहीत.

फेटे लॉन्ड्रोमॅटमध्ये नेण्याआधी घरी दोनदा खळबळून घेतले, मालकाला विचारलं आणि निघताना रिकामं मशीन ब्लीच घालून एकदा चालवून दिलं. केशरी फेट्यांचा रंग थोडा फिका आहे, पण वास नाही. कुर्त्यांवरचे लाल डाग त्या गंजाच्या साबणाने गेले. एका सतरंजीच्या काठाचा रंग पसरलाय, ती पाहुण्यांसमोर अंथरता येणार नाही.

---

प्रेषक: मंडळ कार्यवाह
बुधवार, ८ सप्टेंबर

वहिनी, ती सतरंजी ढोलांच्या खाली घालू, तिथे कोण बघतंय. फेटे गुरुवारी संध्याकाळी सहाला माझ्या गराजमध्ये आणा. इस्त्री दोन लागतील, माझ्याकडे एकच आहे. आणि यापुढे मंडळाचं सामान कोणाच्याही बेसमेंटमध्ये ठेवायचं नाही. वरच्या मजल्यावर एखादी खोली द्यायला कोण तयार आहे ते या मेललाच उत्तर देऊन कळवा.