क्लासला ऑनलाइन बॅच जोडावी का?

अमळनेरकर: ८वी ते १०वीचा क्लास आहे, ६० पोरं. पारोळ्याकडच्या खेड्यातली पोरं एसटी चुकली की दांडी मारतात, म्हणून गणित ऑनलाइन पण घेऊ म्हणतो, झूम घेऊ का अन फी किती ठेवू?

भुसावळची ताई: दादा, फुकटचं झूम ४० मिनिटांत बंद पडतं, गूगल मीटवर ६० मिळतात. पण खरी अडचण मोबाईलची, तो बापाजवळ अन बाप केळीच्या बागेत, म्हणून मी रात्री ८ला घेते, फक्त शंका, फी वेगळी नाहीच.

जळगावकर: भो, वही दिसल्याशिवाय गणित काय तपासणार? पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

अमळनेरकर: ८ला लाईट राहिली तर! बघतो, आधी १० पोरांवर.