स्टीअरिंग वळवताना ‘टंग’ आवाज: रॅक की स्ट्रट माउंट?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक. उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की डाव्या पुढच्या चाकाकडून स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टंग’ आवाज येतो, पायाखाली हलका धक्काही जाणवतो. सरळ चालवताना, अगदी खड्ड्यांतसुद्धा (पुण्यात त्यांना तोटा नाही) काहीच नाही.

सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टचा सांधा) असता तर चालत्या गाडीत वळणावर कट-कट झाली असती ना? त्यावरचे रबरी बूटही (कव्हर) फाटलेले नाहीत. पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, म्हणजे ऑइलचा प्रश्न नाही. मेकॅनिक थेट रॅकच (स्टीअरिंगच्या फिरण्याने चाकं वळवणारा दातेरी दांडा) बदला म्हणतोय! मला स्ट्रट माउंटच्या (स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरचं वरचं टोक बॉडीला जिथे जोडलेलं असतं, तो भाग) बेअरिंगचा संशय आहे. बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकावर हात ठेवायचा आणि दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवायला सांगायचं, एवढ्यावरून खात्री होईल? बेअरिंग बदलल्यावर चाकांची अलाइनमेंटही करावी लागते का?